बापलेकांची पारध (वऱ्हाड)

अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ या जिल्ह्यांतील फासेपारधी जमातीत बाप व त्याचे जाणते, बहुधा लग्न झालेले मुलगे मिळून करीत असत ती फाशाची शिकार. बेड्यावर, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवर, लग्नानंतर मुलगा सामान्यतः वेगळी झोपडी घालून वेगळी चूल मांडतो; शिकारीसाठी मात्र या चुली पुन्हा एक होत, कारण फाशाची शिकार एकट्याने साधत नाही. बाप म्हातारा झाला, धावणे सरले, तरी फास कोठे मांडावा हे सांगण्याचा मान त्याचाच राही.

जमातीच्या मूळ स्थानाबद्दल एकवाक्यता नाही. पवार, चव्हाण, सोळंके या आडनावांच्या आधारे पारधी स्वतःला राजपूत म्हणवितात. तथापि अशी आडनावे महाराष्ट्रात अनेक जातींत आढळत असल्याने केवळ त्यांवरून वंश ठरविणे धाडसाचे होईल. जाति-जमातींचे अभ्यासक रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये बावरिया व अन्य राजपूत बहिष्कृत, गोंड आणि इतर समाजांतून बाहेर पडलेले लोक यांचे हे मिश्रण मानले. भाषाशास्त्रज्ञ ग्रीअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने (१९०७) पारधी बोलीचा समावेश भिल्ली भाषांत केला असून गुजरातीशी तिचे साम्य स्पष्ट आहे. त्यामुळे गुजरात-राजस्थानकडून टप्प्याटप्प्याने झालेल्या स्थलांतराचे मत अधिक ग्राह्य वाटते. वऱ्हाडातील आगमनाचा काळ मात्र ढोबळमानानेही सांगणे कठीण आहे. शासकीय वर्गीकरणही सरळ नाही: फासेपारधी, लंगोटी पारधी, टाकणकार आदी गट अनुसूचित जमातींच्या यादीत, तर राजपारधी विमुक्त जातींत मोडतात.

तितर-लाव्यांसाठी घोड्याच्या केसांचे बारीक फास, तर हरणांसाठी जनावरांच्या तातीचे (स्नायुतंतूंच्या दोरीचे), शिंगाच्या खुंट्यांना जोडलेले फास वापरीत. एका लांब दोरीला असे अनेक फास बांधून ती ओळ पायवाटेला आडवी मांडीत. तितर शक्यतो उडत नाही, झुडपांच्या कडेने पायी पळतो. सारे तंत्र या सवयीवर बेतलेले होते. पारधी शिकविलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने, जनावर चरत चालले आहे असे भासवीत, पाखरांना ओळीकडे हळूहळू सरकवी. गुरांना पाखरे बुजत नाहीत, पण हाकणाऱ्याने एक पाऊल घाईने टाकले की सारा थवा उडून जातो. म्हणून हाकण्याचे काम मुरलेल्या माणसाकडे आणि फासाजवळ दबा धरून झटकन मान पकडण्याचे काम तरुणाकडे, ही वाटणी स्वाभाविक होती. तितराची हुबेहूब साद घालणे हे मुलगा बापाच्या शेजारी बसून, ऐकून ऐकूनच शिके.

मुलींच्या वाट्याला ही विद्या क्वचितच येई. मिळालेली शिकार गावात किंवा बाजारात विकण्याचे काम मुख्यतः बायकांचे असे.

संपूर्ण जमातींनाच गुन्हेगार ठरविणाऱ्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया या समाजाच्या भटकंतीवर पडली. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु या शिकारीवर निर्णायक परिणाम केला तो वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने. १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने शिकार करण्याची वाटही जवळजवळ बंद झाली. अधिनियमातील शिकारीची व्याख्या येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तीत मारण्याबरोबरच फाशात अडकविणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे अंतर्भूत आहे. म्हणजे ज्या वाटणीवर बापलेकांची पारध उभी होती, तिच्यातील प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे गुन्हा ठरतो, आणि नुसता गाय हाकणारा म्हातारा कायद्याच्या दृष्टीने प्रेक्षक राहत नाही. गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले सापळे, हत्यारे शासनाच्या मालकीची होतात. जेथे शेतजमीन अपवादानेच असे, तेथे बापाकडून लेकाकडे येणाऱ्या मोजक्या वस्तूंपैकी फास ही एक होती, हे या संदर्भात विसरता येत नाही.

वाशीम व अकोला भागातील काही बेड्यांवरील पारध्यांनी अलीकडे तणमोर या गवताळ रानातील दुर्मिळ पक्ष्याच्या संवर्धनात आणि गवताळ कुरणे राखण्याच्या कामात भाग घेतला आहे. पाखरू कोणत्या गवतात बसते, कोणत्या वेळी साद देते, ही वडिलधाऱ्यांची माहिती तेथे उपयोगी पडते.