आर्मेनियन भाषा

आर्मेनियन भाषा : इंडो-यूरोपीय भाषाकुलातील एक स्वतंत्र शाखा. तिचे भाषक तिला ‘हायेरेन’ म्हणतात. ती आर्मेनिया प्रजासत्ताकाची राजभाषा असून इराण, जॉर्जिया, रशिया, लेबनॉन, सिरिया, तुर्कस्तान, फ्रान्स, अमेरिका येथील आर्मेनियन वस्त्यांतही बोलली जाते. तिची पूर्व आणि पश्चिम अशी दोन प्रमाण रूपे आहेत. दोन्हींची लिपी एकच. अक्षरांचे उच्चार मात्र निराळे.

पार्थियन व पेहलवी या जुन्या इराणी भाषांतल्या शब्दांची या भाषेत इतकी गर्दी आहे की, एकोणिसाव्या शतकात बराच काळ तिला इराणी भाषाच समजत. जर्मन भाषाशास्त्रज्ञ हाइनरिश ह्यूब्शमान यांनी १८७५ मध्ये उसने शब्द बाजूला काढून तिचे वेगळेपण सिद्ध केले. संस्कृतशी तिचे दूरचे नाते आहे, पण ते वरवर पाहून कळत नाही. दोन या संख्येला आर्मेनियनमध्ये ‘एर्कू’ म्हणतात. मूळ ‘द्व’चा तिथे ‘एर्क’ झाला, आणि हा बदल नियमाने होतो, असे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी दाखवले. व्याकरणात लिंगभेद मुळीच नाही. तो, ती, ते यांना एकच सर्वनाम चालते.

मेस्रोप माश्तोत्स या धर्मोपदेशकाने इ. स. ४०५ च्या सुमारास, राजा व्रामशापूह आणि धर्मगुरू साहाक यांच्या पाठिंब्याने, ३६ अक्षरांची लिपी तयार केली. नऊ-नऊ अक्षरांच्या चार ओळींत १ ते ९,००० पर्यंतचे आकडेही लिहिता येत, म्हणून जुन्या चर्चच्या भिंतींवर सन अक्षरांत कोरलेले आढळतात. पुढे मध्ययुगात दोन अक्षरांची भर पडली. बायबलच्या भाषांतराने जी ग्रांथिक भाषा घडली ती ‘ग्राबार’. सिलिशियातील (आजच्या तुर्कस्तानचा दक्षिण किनारा) मध्ययुगीन आर्मेनियन राज्यात दरबारी कामकाज लोकभाषेच्या जवळच्या मध्य आर्मेनियनमध्ये चाले. तरी लेखनावरची ग्राबारची पकड एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली. पहिले आर्मेनियन पुस्तक १५१२ मध्ये व्हेनिसला छापले गेले. पहिले नियतकालिक ‘अझ्दारार’ मात्र निघाले ते मद्रासला, १७९४ मध्ये, तिथल्या आर्मेनियन व्यापारी वस्तीत. मुंबईच्या फोर्टमधले आर्मेनियन चर्चही अशाच व्यापाऱ्यांची खूण आहे.

लोकभाषेत लिहायचे ठरले तेव्हा कोणत्या गावची बोली घ्यायची हा प्रश्न उभा राहिला. रशियन अमलाखालच्या लेखकांनी अरारात खोऱ्यातली बोली उचलली, ऑटोमन साम्राज्यातल्यांनी कॉन्स्टँटिनोपलची. जुन्या भाषेत क, ख, ग अशा तीन-तीन ध्वनींच्या रांगा होत्या. पूर्व आर्मेनियनने त्या जपल्या. पश्चिमेकडे तिनाचे दोन झाले आणि जागाही उलटल्या. त्यामुळे पूर्व आर्मेनियन बोलणाऱ्या येरेवानचा ‘पेत्रोस’ पश्चिम आर्मेनियन बोलणाऱ्या बैरूतला ‘बेद्रोस’ होतो, ‘ग्रिगोर’चा ‘क्रिकोर’. सोव्हिएत काळात १९२२ मध्ये शुद्धलेखन बदलले, तेही फक्त पूर्वेकडे; इराणमधले आर्मेनियन बोलतात पूर्वेकडचे, लिहितात जुन्याच पद्धतीने.

बोलींची खरी मोजणी आर्मेनियन भाषाशास्त्रज्ञ ह्राच्या आचार्यान यांनी केली. १९०९ मध्ये त्यांनी ३१ बोली नोंदवून वर्तमानकाळाच्या रूपावरून त्यांच्या तीन शाखा पाडल्या. ‘मी लिहितो’ हे एका शाखेत ‘ग्रूम एम’, दुसरीत ‘ग क्रेम’. तिसरी शाखा ‘एल’ प्रत्ययाची, सर्वांत लहान. कसोटी सोपी आहे, आणि तिच्यातून निसटणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. सेबास्तिया (आजचे सिवास) बोलीत घ, ध, भ यांसारखे ध्वनी ऐकू येतात, जे दोन्ही प्रमाणभाषांत नाहीत. काराबाखच्या (आझरबैजानमधील डोंगराळ प्रदेश) बोलीत उच्चारातला जोर शब्दाच्या शेवटच्या नव्हे, तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (उच्चारखंडावर) पडतो.

ही नोंद वेळेवर झाली म्हणायची. १९१५ च्या वंशसंहारात वान, मुश, खारबेर्द ही बोलींची गावेच रिकामी झाली. वाचलेल्यांची मुले परदेशातल्या शाळांत प्रमाण पश्चिम आर्मेनियन शिकली, आणि तीही आता युनेस्कोच्या धोक्यातील भाषांच्या यादीत आहे. तुर्कस्तानच्या ईशान्येकडे होपा भागातले हेमशिनली, म्हणजे मुस्लिम झालेल्या आर्मेनियनांचे वंशज, ‘होमशेत्सी’ ही आर्मेनियन बोली बोलतात. या बोलीवर ग्राबारचा संस्कार फारसा नसल्याने अभ्यासकांना ती मोलाची वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात एक लाखाहून अधिक लोक काराबाख सोडून आर्मेनियात आले, त्यामुळे ती बोलीही आता विस्थापितांची आहे.

‘लोमाव्रेन’चा उल्लेख बहुधा तळटिपेत होतो, पण आपल्याकडच्या वाचकाला तिचे कुतूहल वाटावे. भारतातून गेलेल्या भटक्या लोम जमातीची ही भाषा आहे. तिचे व्याकरण पूर्णपणे आर्मेनियन आहे आणि शब्दसंग्रहाचा मोठा भाग भारतीय-आर्य आहे.