उतारवयातील प्रार्थनाजीवन (कोकणातील ख्रिस्ती समाज)

वसईच्या वाड्यांपासून सावंतवाडी-वेंगुर्ल्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत साठी-सत्तरी उलटलेली माणसे जपातून, वाचनातून आणि मौनातून श्रद्धेचा जो नित्यक्रम पाळतात, त्याचा परिचय या नोंदीत आहे. त्याला वेगळा पंथ नाही, नियमांचे पुस्तक नाही. घराची प्रार्थना चालू ठेवण्याचे काम मात्र या किनाऱ्यावर मुख्यतः आजी-आजोबांकडे असते. भारतीय परंपरेतला वानप्रस्थी घरातून हळूहळू बाजूला होतो. इथला वृद्ध ख्रिस्ती प्रपंचाच्या किल्ल्या सुनेच्या हाती देतो आणि त्याच घराच्या मधोमध माळ घेऊन बसतो.

कोकणातला ख्रिस्ती समाज एकजिनसी नाही. उत्तरेस वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. तेव्हापासूनच्या कॅथलिक वस्तीत सामवेदी, वाडवळ, कोळी अशा अनेक समाजांची माणसे आहेत आणि त्यांची उपासना आज मराठीत चालते. रायगड जिल्ह्यातील कोर्लईत पोर्तुगीजमधून घडलेली स्वतंत्र बोली टिकून आहे. सिंधुदुर्गात कोकणी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत प्रार्थना होते. 1998 मध्ये वसईचा आणि 2005 मध्ये सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या अधिकारातला प्रदेश) झाला. प्रॉटेस्टंट परंपरा इथे उशिरा आली. स्कॉटिश मिशनरी 1823 मध्ये बाणकोटला उतरले आणि तिथून हर्णैकडे गेले. त्या परंपरेतल्या घरांत माळेऐवजी पवित्र शास्त्राचे वाचन आणि गीतगायन हाच दिवसाचा कणा असतो.

कॅथलिक घरातली सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे संध्याकाळची रोझरी, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या नावाची जपमाळ. दक्षिणेकडे तिला तेर्स म्हणतात. पूर्ण माळेत 59 मणी असतात. पाच दशके (दहा-दहा मण्यांचे गट), प्रत्येक दशकात मारियेला दहा वेळा नमन, मध्ये प्रभूची प्रार्थना आणि सुरुवातीचे थोडे मणी. प्रत्येक दशकाबरोबर येशू-मारियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे मनन होते, त्याला रहस्य म्हणतात. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, बुधवारी-रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. म्हणजे आज ऐंशीच्या घरात असलेल्या माणसाने साठीच्या आसपास एक नवा पाठ शिकून आपल्या सवयीत बसवला आहे. वय झाले की माणूस नवे घेत नाही, हा समज या एका उदाहरणापुढेही टिकत नाही. त्याच पिढीने लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये ऐकली आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) ती मातृभाषेत आलेली पाहिली.

रोझरी प्रत्यक्ष कशी चालते ते पाहण्यासारखे आहे. घरातल्या वेदीपुढे दिवा लागतो, टीव्ही बंद होतो. आजी पहिले दशक सांगते, पुढची चार घरातल्यांत वाटली जातात. आपली पाळी आली की नातवंडाचा आवाज बारीक होतो, मध्येच नमन एक कमी पडते. आजीचे डोळे मिटलेले असतात, पण अंगठा मण्यावर थांबलेला असतो. मणी सरकत नाही तोवर पुढचे म्हणायचे नाही, हे पोराला न सांगता कळते. माळ हाताशी नसली तर बोटांच्या पेरांवर मोजणी होते. शेवटी आजाऱ्यांसाठी, परदेशी गेलेल्यांसाठी आणि घरातल्या मृतांसाठी नावे घेऊन प्रार्थना होते. ही यादी वर्षागणिक लांबते आणि ती सगळी पाठ असते फक्त घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला. प्रार्थना संपली की लहानांनी मोठ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागायचा. दक्षिण कोकणात त्याला बेसांव म्हणतात.

जपाची पुनरावृत्ती यांत्रिक असते, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. रोज म्हणणाऱ्यांचा अनुभव वेगळा आहे. शब्द पाठ असल्यामुळेच मन त्यांच्यापासून मोकळे होते आणि रहस्यातल्या प्रसंगाजवळ थांबू शकते. वयोमानाने स्मृती विरळ होत जाते, तेव्हा या पाठाचे मोल आणखी कळते. मुलांची नावे आठवेनाशी झालेली माणसेही नमनाचा उत्तरार्ध बिनचूक पुरा करतात. घरच्यांना अशा वेळी त्यांच्याशी बोलण्याचा तेवढाच एक रस्ता उरतो, आणि तो रस्ता बालपणी रोज संध्याकाळी तयार झालेला असतो.

निःशब्द शांततेचा धागा बायबलमध्ये जुना आहे. एलिया या संदेष्ट्याला वादळात, भूकंपात आणि अग्नीत देव भेटत नाही, त्यानंतरच्या मंद स्वरात भेटतो. 46 वे स्तोत्र शांत राहून देवाला ओळखायला सांगते. लूकच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रग्रंथात) जखऱ्या हा वृद्ध याजक मुलगा होईल या देवदूताच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही, म्हणून त्याची वाचा जाते, आणि मुलाच्या नामकरणाच्या वेळी ती परत येते तेव्हा त्याच्या तोंडून स्तुतीच निघते. त्याच शुभवर्तमानात 84 वर्षांची विधवा हन्ना आणि वृद्ध शिमोन मंदिरात बाळ येशूला ओळखतात. शिमोनाचे गीत आजही चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत म्हटले जाते. येशूच्या जन्माच्या कथेत म्हातारी माणसे इतक्या संख्येने आहेत, याकडे प्रवचनांत व्हावे तितके लक्ष वेधले जात नाही.

किनाऱ्यावरच्या जगण्यात ही शांतता कामातूनच येते. वाडीत पाणी सोडून केळीच्या आळ्याशी पाणी भरेपर्यंत उभे राहणे, हा वसईच्या कितीतरी वृद्धांचा प्रार्थनेचा वेळ आहे. वयामुळे समुद्रावर जाणे सुटलेला कोळी जाळे शिवताना जप करतो आणि होड्या निघायच्या वेळी हमखास जागा असतो. चर्चची घंटा सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवदूताने मारियेला दिलेल्या निरोपाची प्रार्थना म्हणायला बोलावते. दुपारच्या घंटेला विळा खाली ठेवून जागीच उभे राहण्याची रीत अजून काही जुन्या शेतकऱ्यांत दिसते. वसई-विरारची वस्ती दाट होत गेली तशी ही घंटा वाहनांच्या आवाजात बुडू लागली आहे. जे तिच्यावर दिवस मोजत आले त्यांचे यात खरेखुरे नुकसान आहे.

अंतरंगाचे नवीकरण म्हणजे मन प्रसन्न वाटणे, एवढाच अर्थ इथे घेतला जात नाही. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बाहेरचा माणूस झिजत असताना आतला दिवसेंदिवस नवा होतो, असे म्हटले आहे. कोकणात या नवेपणाची कसोटी बहुधा बांधावर लागते. भावाभावांत वाटण्या होतात, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून किंवा वाडीच्या हद्दीवरून बोलणे तुटते आणि अबोला वीस-वीस वर्षे चालतो. दोघे भाऊ रविवारी एकाच मिस्सेला, वेगवेगळ्या बाजूंच्या बाकांवर बसतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात पापनिवेदनाला (धर्मगुरूंपुढे पापे कबूल करायला) जाताना म्हातारपणी हे वाक्य टाळता येत नाही. समेट घडतो तो बहुधा साध्या निमित्ताने. आजारपणात पेज पाठवली जाते, नातवाच्या लग्नाचे बोलावणे स्वतः जाऊन दिले जाते. हद्दीचा दगड असतो तिथेच राहतो, पण बोलणे सुरू होते. कित्येक वृद्धांसाठी साऱ्या प्रार्थनाजीवनातला हाच सर्वांत अवघड भाग असतो, आणि बाकी सगळे त्याच्या तयारीसाठी आहे असे म्हटले तरी चालेल.

उपवासाच्या बाबतीत चर्चचा नियम वृद्धांशी सौम्य आहे. साठावे वर्ष लागले की राखेच्या बुधवारचा (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि शुभ शुक्रवारचा (गुड फ्रायडे) उपवास बंधनकारक राहत नाही. तरी आजी उपवास सोडत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या आणि उपवास यांचा मेळ घालताना डॉक्टर आणि घरचे हैराण होतात. अशा वेळी धर्मगुरूंनी स्पष्ट शब्दांत सूट सांगणे हे सेवेचेच काम आहे.

आजाऱ्यांच्या अभ्यंगाबद्दलची, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या संस्काराबद्दलची, भीती आता पुष्कळ कमी झाली आहे. पूर्वी हा संस्कार अगदी अखेरच्या घटकेला दिला जाई, म्हणून तेलाची कुपी घेऊन धर्मगुरू दारात आले की घरात रडे सुरू होई. पोप पॉल सहावे यांनी 1972 मध्ये विधी बदलला. आता गंभीर आजारात किंवा वार्धक्याने शक्ती खालावल्यावर, मरण समोर नसतानाही तो घेता येतो, आणि पुन्हाही घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात आणि पाय यांना लावत. बदललेल्या विधीत माणूस शुद्धीत असतो, स्वतः उत्तरे देतो, घरचे भोवती असतात.

प्रॉटेस्टंट बाजूला या विषयाचा सर्वांत मोठा दाखला कवी नारायण वामन टिळक यांचा आहे. त्यांचा जन्म 1861 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते सांगत. नाव, मान आणि मिशनची नोकरी असताना 1917 मध्ये, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही भक्तमंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. म्हणजे या नव्या आरंभाला जेमतेम दोन वर्षे मिळाली. अभंग-ओवीच्या चालीवरची त्यांची गीते मराठी उपासनांत आजही गायली जातात आणि चष्मा लागल्यावरही पुस्तकाशिवाय म्हणता येतात, कारण ती कानांनी शिकलेली असतात.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलले आहे. मुले मुंबईत, आखाती देशांत किंवा त्याहून दूर. रोझरीला घरात दोघेच उरतात, कधी एकटेच. काही घरांत व्हिडिओ कॉलवर दशके वाटून घेतात. 2020 च्या टाळेबंदीत मोबाइलवरून मिस्सा पाहण्याची सवय लागली आणि अंथरुणाला खिळलेल्यांना ती उपयोगी पडते. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, मात्र पडद्यावरून मिळत नाही, त्यासाठी कोणीतरी घरी यावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी 2021 पासून जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा आणि वृद्धांचा दिवस ठरवला, कारण मारियेचे आईवडील योआकीम आणि अन्ना यांचा सण 26 जुलैला येतो. कोकणात हा रविवार ऐन पावसाळ्यात पडतो आणि ज्यांचा हा दिवस, त्यांतल्या अनेकांना चर्चपर्यंत जाता येत नाही. त्यांच्याकडे धर्मगुरू किंवा नेमलेले प्रापंचिक सेवक ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात. एका दिवसात सगळी घरे होत नाहीत, तेव्हा उरलेल्यांची पाळी बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी लागते.