तक्ता एक, दंड निराळे

अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे फक्त एका हाताचा, तोही एरवी कमी वापरल्या जाणाऱ्या हाताचा, वजनी व्यायाम केला. व्यायामप्रकार सर्वांना तेच होते आणि वजन प्रत्येकाच्या ताकदीच्या प्रमाणात ठरवलेले होते. शेवटी एमआरआयने मोजमाप केले, तेव्हा दंडाच्या पुढच्या स्नायूचा आकार कोणाचा ५९ टक्के वाढलेला आढळला, तर कोणाचा चक्क दोन टक्के घटलेला. एकदाच जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या बाबतीत ही तफावत शून्यापासून २५० टक्क्यांपर्यंत होती. बहुतेक जण या टोकांच्या मध्ये होते आणि टोकाच्या आकड्यांत मोजमापातल्या चुकीचाही काही वाटा असतो. तरीही जिमच्या भिंतीवर लावलेला व्यायामाचा एकच तक्ता सर्वांना सारखे फळ देईल, ही अपेक्षा या आकड्यांपुढे टिकत नाही.

यावरून प्रत्येक शरीरासाठी कुठेतरी एक खास, गुप्त तक्ता दडलेला आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि तो विकणारेही पुष्कळ आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र वेगळेच सांगतो. त्यांनी व्यायामाचा सराव असलेल्या वीस तरुणांचे दोन पाय दोन पद्धतींनी घडवले: एका पायाला कायम ठरावीक व्यायाम, तर दुसऱ्या पायाला वजन, सेट (न थांबता केलेल्या आवर्तनांची एक फेरी), विश्रांती यांत दर वेळी काहीतरी बदल. आनुवंशिकता, आहार आणि झोप दोन्ही पायांना समान असल्याने ही तुलना विशेष विश्वासार्ह ठरते. एकाच माणसाच्या दोन पायांत फारसा फरक पडला नाही. माणसामाणसांतला फरक मात्र त्याहून कितीतरी पटींनी मोठा निघाला.

या फरकाचे एक कारण स्नायूच्या आतच आहे. स्नायूच्या तंतूंना लागून उपग्रह पेशी नावाच्या पेशी असतात. व्यायामाच्या ताणाने त्या जाग्या होतात, त्यांची संख्या वाढते आणि त्या आपली केंद्रके तंतूला देऊन त्याला अधिक प्रथिने बनवण्याची क्षमता पुरवतात. सोळा आठवड्यांच्या एका अभ्यासात ज्यांचे मांडीचे स्नायू सर्वाधिक वाढले, त्यांच्याकडे या पेशी मुळातच अधिक होत्या आणि व्यायामाने त्या आणखी वाढल्या. जिममध्ये शेजारच्या बाकावर व्यायाम करणाऱ्या मुलाशी स्वतःची तुलना करणे म्हणूनच निरर्थक आहे.

हाडांच्या ठेवणीनुसार व्यायामाची पद्धत निवडायला मात्र बराच वाव आहे. खांद्यावर बार (वजने लावलेली दांडी) घेऊन स्क्वॉट, म्हणजे उठबस, करताना तोल राहण्यासाठी वजन पावलाच्या मध्यावर यावे लागते. मांडीचे हाड लांब असेल, तर बसताना नितंब अधिक मागे जातात आणि तोल सावरण्यासाठी धड अधिक पुढे झुकते. भरलेली बादली शरीरालगत धरण्यापेक्षा लांब धरली की जशी जड वाटते, तसाच तोच बार अशा माणसाच्या कमरेला आणि पाठीला अधिक भार देतो. ट्रेनर त्याला ‘छाती वर’ म्हणून ओरडत राहतो. पण दोष आळसाचा नसून लांबीच्या गुणोत्तराचा असतो. टाचेखाली पातळ पाचर ठेवणे, बार पुढच्या बाजूला धरणे किंवा डंबेल छातीशी धरून स्क्वॉट करणे, यांपैकी एखाद्या उपायाने धड बरेच सरळ राहते. खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशाही माणसागणिक बदलते, त्यामुळे पावले किती रुंद ठेवावीत याचे एकच उत्तर नसते. विनासायास खोल जाता येईल ती ठेवण आपली समजावी.

वजन किती घ्यावे, याबद्दल विनाकारण कर्मठपणा आहे. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी १९४५ साली दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन हे माप रूढ केले. ते सोयीचे होते, पण पुढे त्याचाच नियम झाला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने २०१६ साली ४९ सराव असलेल्या पुरुषांवर केलेल्या प्रयोगात थकेपर्यंत २० ते २५ रेप्स (आवर्तने) करणाऱ्यांचे स्नायू ८ ते १२ रेप्स करणाऱ्यांइतकेच वाढले. कमाल ताकद हेच ध्येय असेल तर जड वजनाला पर्याय नाही. पण गुडघा किंवा खांदा कुरकुरत असेल, तर हलके वजन जवळजवळ थकेपर्यंत उचलणे ही मुळीच पळवाट नव्हे.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या आपल्या शरीरात स्नायू कमी आणि चरबी अधिक असू शकते, म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर आणि उचललेले वजन हे मोजमाप अधिक उपयोगी ठरते. वजन घटवण्याच्या नादात आधीच कमी असलेला स्नायू गमावणे हा तर सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

आपली मात्रा शोधण्यासाठी एक वही पुरते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेच्या सरावामुळे असते, म्हणून दोन-तीन महिन्यांपूर्वी निकाल लावू नये आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सोळा जणांच्या एका प्रयोगात एका पायाला आठवड्याला सरसकट २२ सेट दिले गेले आणि दुसऱ्याला त्या व्यक्तीच्या आधीच्या संख्येपेक्षा २० टक्के अधिक. दहा जणांचा दुसरा पाय अधिक भरला. आपण आज काय करतो, तिथूनच मोजायला सुरुवात करावी. रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असल्यास अर्थातच आधी डॉक्टरांना विचारावे. प्रगती थांबलीच, तर आठवडाभर सेट निम्म्यावर आणावेत: त्यानंतर उचलायचे वजन सहज वाढले, तर अडचण थकव्याची होती आणि झोप व विश्रांती वाढवायला हवी, काहीच बदलले नाही, तर एखादा सेट वाढवून पाहावा.