रणगाड्याचं पोलाद वितळत नाही

२०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि जर्मनीने तिकडे खांद्यावरून डागायची रणगाडाविरोधी अस्त्रं पाठवली. तेव्हापासून ‘क्षणात पोलाद वितळवणारं अस्त्र’ हे शब्द बातम्यांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतक्यांदा आले, की आता ते खरेच वाटू लागलेत. पण तिथे वितळत काहीच नाही. जे घडतं ते त्याहून कितीतरी विलक्षण आहे.

१८८८ च्या सुमारास चार्ल्स मन्रो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने पाहिलं, की स्फोटकाच्या वडीवर खोदलेली अक्षरं स्फोटानंतर खालच्या लोखंडी पत्र्यावर जशीच्या तशी उमटतात. म्हणजे स्फोटकात पोकळी ठेवली की तिथे स्फोटाचा जोर एकवटतो. पुढे १९३८ मध्ये फ्रान्झ रुडॉल्फ थॉमानेक या ऑस्ट्रियन संशोधकाच्या लक्षात आलं, की पोकळीला आतून अस्तर लावलं तर हा परिणाम कितीतरी वाढतो.

हे अस्तर म्हणजे धातूचा पातळ शंकू. बहुधा तांब्याचा. स्फोट मागून पुढे सरकत जातो तसा शंकू चहूबाजूंनी अक्षाकडे चेपला जातो आणि आतल्या थरातला धातू बारीक, लांबट धारेच्या रूपात पुढे झेपावतो. धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास. ही धार घनच असते, वितळलेली नसते. मात्र ती आदळते तिथला दाब वातावरणाच्या लाखो पट असतो, त्यापुढे पोलादाच्या मजबुतीला काही अर्थच उरत नाही. घन असूनही दोन्ही धातू द्रवासारखे वागतात आणि पोलाद बाजूला सरकून वाट मोकळी होते. छिद्राची खोली साधारणपणे धारेची लांबी गुणिले दोन्ही धातूंच्या घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ. या सूत्रात वेग कुठेच नाही! धारेचं टोक वेगवान, शेपूट संथ, म्हणून ती जाताना ताणली जाते. ताणायला थोडं अंतर मिळालं तर फायदा, फार मिळालं तर तुकडे पडतात. गोळा स्वतःभोवती फिरत असेल तर धार फाकते, म्हणून तो पंखांनी स्थिर ठेवायचा.

आता जर्मनीत लाइपझिगच्या हासाग कारखान्यात हाइन्रिख लांगवाइलरने १९४२ मध्ये काय साधलं ते कळेल. भेदायचं काम धारेचं, त्यामुळे गोळा जोरात फेकायची गरजच नव्हती. त्याच्या ‘पान्झरफाउस्ट’ या एकट्या सैनिकाने डागायच्या रणगाडाविरोधी अस्त्राचा सुरुवातीचा गोळा सेकंदाला जेमतेम ३० मीटर जायचा, म्हणजे वेगवान गोलंदाजाच्या चेंडूपेक्षाही हळू. तरी २०० मिलिमीटर पोलाद भेदायचा. दोन्ही टोकं उघडी असलेली नळी, आत काळी बंदुकीची दारू. वायू मागून निसटला की खांद्याला धक्का बसत नाही, न्यूटनचा तिसरा नियम. फक्त मागे कोणी उभं नको.

जर्मनांचाच ‘पान्झरश्रेक’ वेगळा. तो बझुका या खांद्यावरच्या अमेरिकन रॉकेट-नळीची मोठी, ८८ मिलिमीटरची आवृत्ती. त्याचं रॉकेट नळीबाहेर पडल्यावरही जळत राहायचं, म्हणून आधी सैनिकाला तोंडावर गॅस मास्क चढवावा लागे. ढाल नंतर आली.

नाझी प्रचाराने पान्झरफाउस्टचा चमत्कार केला आणि तो म्हाताऱ्यांच्या आणि पोरांच्या हाती दिला. पल्ला सुरुवातीला अवघा ३० मीटर! रणगाड्याच्या इतकं जवळ जायला लावणाऱ्या अस्त्राला चमत्कार म्हणणाऱ्यांना स्वतः ते डागायचं नव्हतं. पलीकडे अमेरिकन सैनिक रणगाड्यांवर वाळूची पोती बांधत होते. त्याने धीर मिळे, धार काही अडत नसे, आणि वजनाने गाडीची यंत्रणा थकते म्हणून जनरल पॅटन त्यावर चिडत असे.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांचं लक्ष नळीच्या मागच्या बाजूकडे वळलं. ‘आर्मब्रुस्ट’ या नव्या अस्त्रात वायू दोन दट्ट्यांमध्ये कोंडला जातो आणि मागून फक्त प्लास्टिकचे तुकडे उडतात, त्यामुळे ते खोलीतूनही डागता येतं. ‘पान्झरफाउस्ट ३’ मागे लोखंडाची भुकटी फेकतं. त्याच्या गोळ्याच्या नाकावर सरकणारा दांडा आहे. रणगाड्यासाठी तो बाहेर ओढायचा, म्हणजे धारेला ताणायला अंतर मिळतं. समोर भिंत किंवा बंकर असेल तर आत ढकलायचा.