कोथिंबिरीचे गुण: पानाचे किती, धन्याचे किती

अनशापोटी ग्लासभर कोथिंबिरीचा रस घ्या, किडनी धुऊन निघेल, शिसं-पारा बाहेर पडेल, असे संदेश नाशिकच्या घराघरांत फिरत आहेत. सोबत ‘आयुर्वेदात सांगितलंय’ ही पुस्ती असतेच. आयुर्वेदात सांगितलं आहे हे खरं, पण कशाबद्दल, इथे घोळ आहे.

कोथिंबीर हा शब्द संस्कृत ‘कुस्तुम्बुरु’वरून आला. पाणिनीच्या व्याकरणात या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र आहे आणि त्यावरची टीका सांगते की झाडालाही हेच नाव आणि त्याच्या फळांनाही हेच. म्हणजे घोळ तेव्हापासूनचा. वैद्यकात मात्र चालला तो दुसरा शब्द, ‘धान्यक’. चरकसंहितेत तहान भागवणाऱ्या दहा द्रव्यांत धान्यक आहे आणि तिथे बहुतेक वेळा अर्थ धन्याचाच घेतला जातो. धन्याचा ‘हिम’ही प्रसिद्ध आहे: एक भाग भरड धने, सहा भाग पाणी, रात्रभर भिजत, सकाळी गाळून साखर घालून. अंगाची आग आणि तहान यांवर. हिरव्या पानाचा वेगळा उल्लेख सोळाव्या शतकातल्या एका निघंटूत, म्हणजे औषधी द्रव्यांच्या कोशात आहे, तोही ओळभर: गुण तेच, चवीला गोड, पित्तावर विशेष.

आमच्याकडे उन्हाळी लागली की आई हेच करायची. तांब्यात धने, वर फडकं, तांब्या रात्रभर खिडकीत. सकाळी पाण्याला किंचित पिवळट रंग यायचा. जुडीचा रस काढून कुणी प्यायलेलं मला आठवत नाही. धन्याची जुनी पुण्याई पानाच्या खात्यावर कधी जमा झाली, हे कुणी विचारतही नाही, याचं वाईट वाटतं.

रसायनशास्त्रही दोघांना वेगळंच ठेवतं. धन्याच्या तेलात मुख्य घटक लिनालूल, साधारण दोन तृतीयांश. पानाचा वास मात्र अल्डिहाइड गटातल्या द्रव्यांचा. काही लोकांना तो साबणासारखा लागतो आणि २०१२ साली त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी जोडला गेला. पानातल्या अशाच एका द्रव्याने साल्मोनेला जंतू मरतात, हे २००४ साली प्रयोगशाळेत दिसलं. प्रयोगशाळेत, हा शब्द पुढे पाठवताना गळतो.

शिसं-पाऱ्याचा दावा १९९०च्या दशकातला, अमेरिकेतला. दातांतलं पाऱ्याचं सिमेंट काढलेल्या मोजक्या रुग्णांच्या निरीक्षणावर तो उभा राहिला आणि आरोग्याच्या दुकानांतून जगभर गेला. पुढे इराणमध्ये शिशाची बाधा झालेल्या ३ ते ७ वर्षांच्या मुलांना कोथिंबिरीचा अर्क देऊन पाहिला, तेव्हा औषध नसलेल्या सिरपपेक्षा तो सरस ठरला नाही. ही दुसरी बातमी आपल्याकडे आलीच नाही.

मग पानात काय आहे? १०० ग्रॅममध्ये सुमारे ९२ ग्रॅम पाणी, २७ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, भरपूर बीटा-कॅरोटीन आणि ३१० मायक्रोग्रॅमच्या आसपास के जीवनसत्त्व. आमटीवर भुरभुरतो ती ५ ग्रॅम, म्हणजे क जेमतेम दीड मिलिग्रॅम. जुडीभर रसाचा हिशेब वेगळा होतो. के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेल्याने रोज ग्लासभर रस सुरू केला तर गोळीचा परिणाम कमी होतो. डॉक्टरांना न विचारता हे करू नये, एवढं तरी त्या संदेशांत यायला हवं होतं.

पान कच्चं खायचं असल्याने पाण्याचा प्रश्नही येतोच. २०१५ साली अमेरिकेने मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातली ताजी कोथिंबीर काही महिन्यांसाठी अडवली, कारण तिच्यातून पोटाचा आजार पसरत होता. देठाच्या बुडाशी माती धरून बसते. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे नाशिकच्या गोदाकाठच्या बाजारातून आणलेली जुडी नळाखाली नुसती हलवून भागत नाही; सुतळी सोडून, मुळं कापून, दोन-तीन पाण्यांतून काढावी लागते.

नाशिकचा शेतकरी पानासाठी पेरतो. ४०-४५ दिवसांत, फुलावर येण्याआधी पीक निघतं, संध्याकाळी पंचवटीच्या मार्केटात गावठी आणि चायना या वाणांचे वेगवेगळे ढीग लागतात, शेकड्याने बोली होते आणि रात्री गाड्या मुंबईकडे निघतात. धने धरायला पीक तीन महिन्यांहून जास्त काळ रानात ठेवावं लागतं, तेवढं इथे सहसा कुणी थांबत नाही. किराणा दुकानातले धने येतात ते मुख्यतः राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून. पेरणीच्या आदल्या दिवशी इथला शेतकरी धने पोत्यावर पसरून फळीने किंवा चपलेने रगडतो, दाण्याच्या दोन फाडी होईपर्यंत.