तंबोऱ्यातला गंधार आणि ट्यूनरचा काटा: सांगली-साताऱ्याकडची जुनी खटपट

मोबाईलवरच्या ट्यूनरनं तंबोऱ्यातला आपोआप बोलणारा गंधार मोजायला गेलं की काटा १४ सेंट (पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली दाखवतो, आणि नव्यानं शिकणाऱ्याला वाटतं तंबोरा उतरलाय. उतरलेला नसतो. काट्याचं माप पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं आहे, आणि हा गंधार तारेचा आहे.

हिशेब सोपा आहे. खरजाची (सगळ्यात खालच्या षड्जाची) तार १०० हर्ट्झला लावली असं धरा, तर तिच्यातून २००, ३००, ४००, ५००, ६००, ७०० असे पटीतले उपस्वर पण निघतात. २०० आणि ४०० म्हणजे षड्जच, ३०० म्हणजे पंचम, आणि ५०० हा तो गंधार. पेटीत सप्तकाचे १२ सारखे भाग पाडलेले असतात म्हणून तिचा तिथला गंधार ५०४ च्या आसपास येतो, दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला चार हेलकावे स्पष्ट कळतात. आणि ७०० चा निषाद तर पेटीच्या कोमल निषादाच्याही ३१ सेंट खाली, त्याला पेटीत जागाच नाही.

आता मागं जाऊ. नाट्यशास्त्रात दोन वीणा घेऊन, एक स्थिर ठेवून दुसरी उतरवत नेत २२ श्रुती, म्हणजे सप्तकातले बारीक स्वरभेद, दाखवल्यात, पण तिथं गुणोत्तरांचे आकडे नाहीत. तारेची लांबी मोजून स्वर कुठं बसवायचे हे सतराव्या शतकात अहोबलानं ‘संगीत पारिजात’मध्ये सांगितलं. युरोपात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाचं उपस्वरांवरचं मोठं पुस्तक १८६३ ला आलं, ते इंग्रजीत आणणाऱ्या एलिसनं १८८५ मध्ये सेंट हे माप वापरात आणलं, आणि हे सगळं इंग्रजीतून आपल्याकडच्या शिकलेल्या लोकांपर्यंत पोचलं.

त्यातले एक सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांचं २२ श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. त्यांच्या जोडीला साताऱ्याला जिल्हा न्यायाधीश असलेले ई. क्लेमंट्स, त्यांचं पुस्तक १९१३ चं. आणि कान कुणाचा, तर किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचा! खाँसाहेबांनी गाऊन दाखवायचं, यांनी मोजून गुणोत्तर बसवायचं, असं ते काम. त्यातून श्रुतींची खास पेटी करवून घेतली, ती लंडनमध्ये बनली, आणि १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मांडली. तिथं मात्र ती कुणाला पटली नाही, संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या बाजूचा तर विरोधच होता.

माझं मत असं, की त्यांची दिशा बरोबर होती. गंधार ५:४ चा, पंचम ३:२ चा, हे तंबोरा रोज सांगतो. गडबड झाली ती रागातला प्रत्येक स्वर एकाच आकड्यावर खिळवायला गेल्यानं. दरबारी रागाचा गंधार हलतो, त्याला एक पट्टी कशी देणार? पुढं १९६३ मध्ये जैरजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी प्रत्यक्ष गाण्या-वाजवण्यातले स्वर यंत्रानं मोजले तेव्हा दिसलं की कलाकार बदलला की स्वर बदलतो, एवढंच नाही तर एकाच कलाकाराचाही जागेनुसार वरखाली होतो. म्हणजे उपस्वरांचं माप हे घराच्या पायासारखं, आत वावरणारा माणूस त्यावर हलता.

तंबोऱ्यात हे उपस्वर इतके मोठे का ऐकू येतात याचं उत्तर १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी शोधलं. साध्या तारेला जिथं छेडाल तिथं ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर निघायला नको, असा नियम. तंबोऱ्यात तोही खणखणीत निघतो, कारण रुंद, किंचित उतरत्या घोडीला (तार जिच्यावर टेकते त्या पट्टीला) तार थरथरताना घासत राहते.

मिरजेत सतारमेकर गल्लीत हे डोळ्यांनी बघायला मिळतं. मी माझा तंबोरा जवारीला (घोडी घासून आवाज खुलवायला) नेला होता, कारागिरानं घोडीवर दोन-तीन हलके हात मारले, फुंकर घालून भुसा उडवला, तार चढवली, खाली सुताचा दोरा सरकवला आणि बोटाच्या टोकानं अगदी केसभर मागं-पुढं करत राहिला. आधी आवाज बंद, मग नुसता चिरका, मग एका जागी दोरा आला आणि खरजातून गंधार असा वर आला की दुकानात तिसरं कुणीतरी गातंय असं वाटलं. मीटर नाही, आकडा नाही. ‘आता बोलला’ एवढंच म्हणाला आणि पुढची तार घेतली.

या गल्लीच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं. खाँसाहेब १९३७ ला गेले, त्यांची कबर इथंच मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे, उरुसाला त्यांच्या आठवणीत गाणं होतं आणि रात्रभर तंबोरे लागलेले असतात.