रांग मोडून पुढे कोण जाणार? नेट न्यूट्रॅलिटीमागचं गणित

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या मजकुराला सारखंच वागवायचं, पैसे घेऊन कुणाला पुढे काढायचं नाही. तिचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. डॉक्टरचा व्हिडिओ कॉल आणि कुणाचं तरी नाचाचं रील, दोन्ही एकाच रांगेत उभी करायची, हा कुठला न्याय? महत्त्वाच्या कामाला वेगळी फास्ट लेन द्यावी, तिचे पैसे घ्यावेत, त्या पैशांतून कंपनीने नेटवर्क वाढवावं, म्हणजे सगळ्यांचंच भलं होईल. २ जानेवारी २०२५ ला अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने तिथल्या दूरसंचार नियामकाचे, म्हणजे एफसीसीचे, न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द केले, तेव्हा हा युक्तिवाद पुन्हा वर आला. परवा आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तो तावातावाने मांडला आणि पुरावा म्हणून बीआरटीएसचं, म्हणजे बसच्या राखीव लेनचं, नाव घेतलं.

ऐकताना तो पटतो. फास्ट लेन दिली की वेग वाढतो, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक तपासायला एक जुनं आणि फार सुंदर गणित उपलब्ध आहे. त्यासाठीच हा लेख.

आधी आपल्याकडचा इतिहास थोडक्यात. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळा दर लावायचं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर मागे घेतलं. २०१५ मध्ये एअरटेल झीरो आणि फेसबुकचं फ्री बेसिक्स आलं. ठरावीक साइट फुकट, बाकी इंटरनेट विकत, असा तो मामला होता. ट्रायकडे, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाकडे, लाखो लोकांनी ईमेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने मजकूर बघून डेटाचा दर कमीजास्त करायला बंदी घातली आणि मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड ठेवला. तो नियम दराचा होता. वेगाचा प्रश्न २०१८ मध्ये सुटला. दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटींतच लिहिलं की मजकूर बघून कुणाला अडवायचं नाही, कुणाचा वेग घटवायचा नाही आणि कुणाला झुकतं मापही द्यायचं नाही.

आता बीआरटीएस. इंदूरकरांना ती वेगळी सांगायला नको. २०१३ पासून एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक मधला पट्टा रेलिंग लावून आय-बससाठी राखलेला होता, आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २०२५ मध्ये तो काढायला घेतला. ही तुलना निम्मी बरोबर आहे. बसची लेन आकाशातून पडली नव्हती, ती त्याच रस्त्यातून कापून काढली होती. शिवाय ती वाहनाचा प्रकार बघून दिली होती. बस असेल तर आत, मग ती कुठल्याही कंत्राटदाराची असो. नेट न्यूट्रॅलिटीला एवढंच हवं असतं. पण एक मोठा फरक आहे. बस नसताना ती लेन मोकळी पडून राही. राउटरमधली फास्ट लेन कधीच मोकळी पडून राहत नाही. समोर पैसे भरणाऱ्याचं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, नसेल, तर साध्या माणसाचं पॅकेट लगेच सुटतं. या एका फरकामुळे सगळं गणित बांधलं जातं.

तुम्ही पाहता तो व्हिडिओ हजारो पॅकेटांत तुटून येतो. मोठं पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२ हजार बिटांचं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर ते पाठवायला ०.१२ मिलिसेकंद लागतात. एका वेळी एकच पॅकेट बाहेर पडतं, त्या क्षणी आलेली बाकीची राउटरच्या मेमरीत थांबतात. या मेमरीला बफर म्हणतात. अंतरापायी जाणारा वेळ मात्र किरकोळ असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे इंदूरहून मुंबईला, ६०० किलोमीटर धरले तरी, ३ मिलिसेकंद पुरतात. बोलताना अडखळल्यासारखं वाटू नये म्हणून आवाज एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. मग हे १५० संपतात कुठे? बहुतेक वेळा बफरमधल्या रांगेत.

या रांगेचा नियम लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्ये सिद्ध केला. चार वर्षांनी, १९६९ मध्ये, त्यांच्याच प्रयोगशाळेतून इंटरनेटच्या पूर्वजावरचा, अर्पानेटवरचा, पहिला संदेश गेला. नियमाच्या अटी तीन. रांगेत कुणी असताना लाइन रिकामी ठेवायची नाही. सुरू झालेलं पॅकेट मध्येच तोडायचं नाही. पॅकेट लहान की मोठं हे बघून क्रम लावायचा नाही. एवढं पाळून तुम्ही क्रम कसाही लावा. प्रत्येक गटाच्या सरासरी थांबण्याच्या वेळेला त्या गटाने व्यापलेल्या लाइनच्या हिश्श्याने गुणा आणि बेरीज करा. ती बेरीज बदलत नाही. रांगेत थांबणं नष्ट होत नाही, फक्त वाटलं जातं.

आकडे घालून बघू. एक पॅकेट पाठवायला लागणारा सरासरी वेळ म्हणजे एक माप. पॅकेटं यदृच्छेने येतात, त्यांची लांबी घातांकी वितरणाप्रमाणे (लहान पुष्कळ, मोठी थोडी) लहानमोठी असते आणि लाइन ८० टक्के व्यस्त आहे असं धरू. सगळे एका रांगेत असतील तर प्रत्येकाला सरासरी ४ मापं थांबावं लागतं. आता निम्म्या पॅकेटांनी पैसे भरले आणि त्यांना पुढे काढलं. त्यांचं थांबणं ४ वरून १.३३ वर आलं. उरलेल्या निम्म्यांचं ४ वरून ६.६७ वर गेलं. दोन्हींची सरासरी काढा, पुन्हा बरोबर ४!

हीच लाइन २० टक्केच व्यस्त असेल तर? एका रांगेत ०.२५ माप. पैसे भरले तर ०.२२, न भरले तर ०.२८. एवढ्या फरकासाठी कुणी दमडीही देणार नाही. उलट लाइन ९५ टक्के भरू द्या. एका रांगेत १९ मापं, पैसेवाल्यांना १.८, बाकीच्यांना ३६. आता मात्र पैसे भरायला लोक धावत येतील. फास्ट लेनला किंमत गर्दीमुळे येते. जी कंपनी ती विकते, तिला लाइन मोकळी करण्यात तोटा आहे. फास्ट लेनच्या पैशांतून नेटवर्क वाढेल, असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून बघावं.

आणि खरोखरच नेटवर्क वाढवलं तर काय होतं? त्या ८० टक्केवाल्या लाइनची क्षमता दुप्पट करा. आता ती ४० टक्के व्यस्त आहे. जुन्याच मापात मोजलं तर सगळ्यांचं सरासरी थांबणं ०.३३ वर येतं. म्हणजे एक पैसा जास्त न भरणारा माणूससुद्धा, फास्ट लेनमधल्या पैसेवाल्याच्या चौथाई वेळच थांबतो. मला हा निकाल पहिल्यांदा भेटला तेव्हा मी आकडेमोड पुन्हा पुन्हा करून पाहिली होती, इतका तो आनंद देणारा आहे.

खऱ्या इंटरनेटवर पॅकेटं इतकी शिस्तीत यदृच्छेने येत नाहीत, ती झुंडीने येतात, आणि गर्दी दिसली की पाठवणारे संगणक वेग आवरतात. त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे वेगळे येतील, पण कल तोच राहतो. अमेरिकेत २०१३ च्या शेवटी कॉमकास्ट या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांना नेटफ्लिक्स रडतखडत दिसू लागलं. अडचण दोन्हीकडची नेटवर्कं जिथे जोडली जातात त्या तुंबलेल्या जोडांवर होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सने थेट जोडणीसाठी कॉमकास्टला पैसे द्यायचं कबूल केलं आणि वेग सुधारला. जोड तुंबला कुणामुळे, यावर दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. जोडाची क्षमता वाढताच तक्रार मिटली, एवढं मात्र साऱ्या जगाने पाहिलं.

"अहो, पण माझा कॉल तर आजही तुटतो, त्याचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्यांचे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथांचे, व्हिडिओ काढून घरी यावं, फोन वायफाय मिळताच ते मुकाट वर चढवू लागतो, आणि त्याच वेळी पुण्याहून मुलाचा कॉल येतो. आवाज तुटतो, चित्र गोठतं. पिंग, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद, लावून पाहिलं की पंचविसाच्या आसपास असणारा आकडा सहाशे-सातशेवर गेलेला असतो. अपलोड थांबवा, पाच सेकंदांत तो खाली येतो. यात कंपनीने कुणाला झुकतं माप दिलेलं नसतं. घरातल्या राउटरचा बफर गरजेपेक्षा मोठा असतो, बस्स.

पाठवणारा संगणक वेग वाढवत जातो आणि पॅकेट हरवलं की निम्म्यावर येतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलेतल्या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ हजार बिटांवरून सेकंदाला ४० बिटांवर कोसळला होता. त्यातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये वेग आवरण्याची ही शिस्त बसवली. पुढे मेमरी स्वस्त झाली, उत्पादकांनी बफर फुगवले. बफर मोठा असला की पॅकेट हरवतच नाही, पाठवणाऱ्याला गर्दीचा पत्ता लागत नाही आणि रांग फुगत जाते. हजार पॅकेटांची रांग १० एमबीपीएसच्या अपलोडवर १.२ सेकंदांची होते. १५० मिलिसेकंदांचा हिशोब तिथेच संपला. जिम गेटिस यांना २०१० मध्ये हा घोळ स्वतःच्या घरच्या जोडणीवर सापडला आणि त्यांनी त्याला बफरब्लोट हे नाव दिलं.

त्यावरचा उपाय २०१२ पासून लिनक्समध्ये आहे. त्याचं नाव एफक्यू-कोडेल. तो प्रत्येक संभाषणाचे पत्ते आणि पोर्ट यांच्यावरून एक आकडा काढतो, १०२४ छोट्या रांगांपैकी एकीत त्याला बसवतो आणि रांगांना आळीपाळीने संधी देतो. कॉलची पॅकेटं विरळ येतात, त्यामुळे त्याची रांग जवळपास रिकामी असते आणि त्याचा नंबर लगेच लागतो. अपलोडची रांग लांब असते, तिने थांबावं. शिवाय १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत थांबण्याचा वेळ सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिला, तर तो एखादं पॅकेट मुद्दाम टाकून देतो, म्हणजे पाठवणारा सावध होतो. क्लाइनरॉक यांचा नियम इथे मोडत नाही. रांगेत येणारी पॅकेटंच कमी होतात, म्हणून वाटायची बेरीजच घटते. आणि या सगळ्यात पॅकेट व्हॉट्सॲपचं की यूट्यूबचं, मालकाने पैसे भरले की नाही, हे एकदाही विचारलं जात नाही. डॉक्टरचा कॉल वाचतो, तोही कुणाचं पाकीट न उघडता.

हे माहीत नसल्यामुळेच 'नेट बूस्टर' नावाची ॲप्स खपतात. फोनमधलं ॲप राउटरपलीकडची रांग छोटी करू शकत नाही. रेडिएशन शोषून घेणारे स्टिकर राउटरला चिकटवणारेही भेटतात. २०२० मध्ये तर राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप मोबाइलचं रेडिएशन कमी करते असं जाहीरपणे सांगितलं. शास्त्रज्ञांनी पुरावा मागितला. असा पुरावा आपणही प्रत्येक वेळी मागायला हवा, स्टिकरवाल्याकडे आणि फास्ट लेनवाल्याकडेही.

न्यूट्रॅलिटी म्हणजे नेटवर्कला हातच लावायचा नाही, असा समज पसरवला जातो. तो चुकीचा आहे. आपल्या २०१८ च्या अटी रास्त वाहतूक व्यवस्थापनाला परवानगी देतात. दूरवरून होणारी शस्त्रक्रिया किंवा स्वयंचलित वाहनं यांसारख्या खास सेवांना वेगळं काढता येतं, पण त्यामुळे बाकीच्यांच्या इंटरनेटचा दर्जा घसरता कामा नये. ही शेवटची अट कळीची आहे, कारण वरचं गणित सांगतं की भरलेल्या लाइनवर ती पाळणं अशक्य आहे. ५-जीच्या स्लायसिंगबद्दल, म्हणजे एकाच नेटवर्कचे वेगवेगळ्या सेवांसाठी वेगळे हिस्से पाडण्याबद्दल, बोलताना हीच अट सगळ्यात आधी वाचली पाहिजे. कॉमकास्टने २००७ मध्ये केलं ते याच्या उलट होतं. बिटटॉरंट या फाइल वाटून घेण्याच्या पद्धतीच्या संभाषणात घुसून दोन्ही बाजूंना 'समोरच्याने जोडणी तोडली' असे खोटे संदेश पाठवले. याला व्यवस्थापन म्हणत नाहीत.

ताजा वाद मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी दूरसंचार कंपन्यांना वाटा द्यावा, हा आहे. दक्षिण कोरियात २०१६ पासून डेटा पाठवणाऱ्या नेटवर्कने पैसे द्यायची पद्धत आहे. तिथला नेटवर्कचा खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ही थेट व्हिडिओ दाखवणारी सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडून गेली. आपण तो रस्ता धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांत लेटन्सी (पॅकेट पोचायला लागणारा वेळ) आणि जिटर (त्या वेळेतला चढउतार) हे निकष आले आहेत, हे फार चांगलं झालं. आता मोजणी ऐन गर्दीच्या वेळी, लाइन अपलोडने भरलेली असताना व्हावी आणि तो आकडा प्लॅनच्या जाहिरातीत एमबीपीएसच्या शेजारी छापला जावा. घरी तपासायचं असेल तर रात्री नऊच्या सुमारास मोठा व्हिडिओ अपलोडला लावा आणि पिंगकडे बघा. आकडा शेकड्यांत गेला तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम, म्हणजे एफक्यू-कोडेलसारखी रांग आवरणारी सोय, शोधा. ते चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवा आणि पुन्हा पिंग लावा.